हातचा

पास्कल म्हटलं की आपल्याला आठवतात ते बिगिन-एंड आणि विसरलेला सेमीकोलन. निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये झुरिकहून ही भाषा जाहीर केली आणि तिला नाव दिलं ब्लेझ पास्कलचं. हा ब्लेझ मला जवळचा वाटला तो दिवाळीच्या सुटीत, आमच्या दिघोरीला (जि. भंडारा). बाबा ओसरीवर धानाच्या कट्ट्यांचा हिशेब करत बसले होते. एक हातचा विसरला की बेरीज पुन्हा पहिल्यापासून!

ब्लेझच्या घरीही हेच होतं. १९ जून १६२३ ला फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथं त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला शाळेत न घालता घरीच शिकवलं. पुढे ते रुआँ शहरात करवसुलीचे अधिकारी झाले आणि बेरजांमध्ये बुडाले. नाणी तरी कशी, बारा दनिएचा एक सोल, वीस सोलचा एक लिव्र. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखीच कटकट. वडिलांचे हाल बघून १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पोरानं बेरजेचं यंत्र करायला घेतलं.

अडचण हातच्याचीच होती. सगळीकडे ९ असताना एक मिळवला, तर सगळी चाकं एकदम ओढायला जोर कुठून आणायचा? त्यानं युक्ती केली. चाक फिरताना एक वजनदार तरफ थोडी थोडी उचलली जाई आणि नवानंतर शून्य येताच खाली पडून शेजारचं चाक एक घर ढकली. म्हणजे शेजाऱ्याला दहादा त्रास नाही, एकदाच. यासाठी त्यानं पन्नासेक नमुने केले.

होस्टेलवर परतल्यावर मी टर्बो पास्कलमध्ये एक मोठी फाईल दोन तऱ्हांनी वाचली आणि लिहिली. 'फाईल ऑफ बाइट' मध्ये प्रत्येक बाइटसाठी डॉसचं दार ठोठवावं लागतं. चहा पिऊन आलो तरी काम सुरूच! ब्लॉकरीड-ब्लॉकराइटनं गठ्ठ्यानं काम केलं, तर बघता बघता संपलं. टेक्स्ट फाईलला मुळात १२८ बाइटचा बफर असतो. सेटटेक्स्टबफनं तो वाढवता येतो. मी तो वाढवला आणि बाबांचा हिशेब फाईलमध्ये लिहिला. बाबांनी फोनवरच बेरीज पकडली, शेवटचे कट्टे गायब! मी क्लोज लिहायला विसरलो होतो. बफरमधला हातचा फाईलपर्यंत पोचलाच नव्हता.

ब्लेझचं यंत्र महाग पडलं, फारसं खपलं नाही. तो थांबला नाही. १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून मेहुण्यानं पारा डोंगरावर नेऊन हवेचा दाब मोजला. १६५४ मध्ये फर्माशी पत्रव्यवहारातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. तब्येतीनं मात्र कधीच साथ दिली नाही. १९ ऑगस्ट १६६२ ला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये तो गेला.

तेव्हा ज्युनियर्सनो, वेग जरूर मोजा, पण आधी क्लोज लिहा. आमचे बाबा अजून वहीतच हिशेब करतात, आणि माझी फाईल तिच्याशी ताडून बघतात.