उद्योगमहर्षी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

नोकरी हेच मध्यमवर्गीय कुटुंबाचे परम ध्येय मानले जात होते, त्या काळी एका सामान्य चित्रकला-शिक्षकाने कारखानदारीची वाट धरली. त्या पुरुषाचे चरित्र आपल्या घराघरांतील तरुणांनी अवश्य अभ्यासावे असे आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत, असे त्यांस आढळून आले. दुसरा एखादा खचला असता. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखनाचा आश्रय केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावास बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने १८८८ साली आरंभिलेला सायकलींचा व्यवसाय होताच. त्याच्या जोडीस कडबा कापण्याची यंत्रे आली आणि पुढे लोखंडी नांगर आला. खरी कसोटी येथेच लागली. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी त्या नांगरास शिवेना. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगरास मात्र रोकड मोजावी लागे. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पण लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

धंद्यास जम बसतो न बसतो तोच, नगराच्या वाढीसाठी बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग ओढवला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर माळरान व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. तेथे अस्पृश्यतेस थारा नव्हता. पहिल्या महायुद्धात कोळसा व कच्चे लोखंड दुर्मिळ झाले, तरी भट्टी विझली नाही. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे व पंप तेथून गावोगाव गेले. १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेल्या 'किर्लोस्कर खबर'मधून पुढे महाराष्ट्राचे एक नामांकित मासिक उदयास आले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले. हरिहर, बंगलोर व पुणे येथे नवे कारखाने निघाले.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धास आयुष्याची कमाई जळताना पाहावी लागली. तथापि कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

अधू दृष्टी, डावललेली बढती, न खपणारा नांगर, हिरावलेली जागा, जळालेला कारखाना. यांपैकी एकही कारण माघार घेण्यास पुरेसे ठरले असते. भांडवलाच्या अभावी हात जोडून बसलेल्या आपल्या तरुणांनी हे ध्यानी धरावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या अपयशास धीराने साथ द्यावी, एवढीच विनंती.