‘एम्स’ उभं करणारी राजकुमारी

तुम्ही ‘नीट’ची तयारी करत असाल किंवा घरात कुणी करत असेल, तर ‘एम्स’ हा शब्द दिवसातून चारदा तरी कानावर पडतोच. दिल्लीच्या एम्सला नंबर लागला म्हणजे गंगेत घोडं न्हालं! आता तर आपल्या नागपुरातही, मिहानमध्ये, एम्स आहे. पण मुळात ही संस्था उभी कुणी केली, असं विचारलं तर बहुतेक जण पंडित नेहरूंचं नाव घेतील. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं श्रेय राजकुमारी अमृत कौर यांचं.

नावातली ‘राजकुमारी’ खरीखुरी बरं का! पंजाबातल्या कपूरथळा राजघराण्यात, लखनौला त्यांचा जन्म झाला. वडील राजा हरनाम सिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं, टेनिस उत्तम खेळायच्या. थोडक्यात, आयुष्य मजेत गेलं असतं. पण वडिलांकडे येणाऱ्या पाहुण्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांच्यामुळे देशाचं कारण मनात घर करून बसलं. 1919 मध्ये मुंबईत गांधीजींची भेट झाली. आईवडिलांच्या निधनानंतर मात्र त्यांनी राजवाडा मागे टाकला आणि थेट वर्ध्याची वाट धरली. सेवाग्रामच्या आश्रमातली मातीची झोपडी, सूतकताई आणि साधं जेवण. जवळपास 16 वर्षं त्यांनी गांधीजींच्या सचिव म्हणून काम केलं. 1942 च्या आंदोलनात तुरुंगातही गेल्या.

1947 साली पहिलं मंत्रिमंडळ बनलं, त्यात त्या एकमेव महिला. खातं आरोग्याचं. तेव्हाचा देश कसा होता, याचा अंदाज घ्या. सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास. मलेरियाचे वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि 8 लाख मृत्यू, हा तेव्हाचा सरकारी अंदाज. क्षयाला औषध जेमतेम, फाळणीने छावण्या भरलेल्या आणि तिजोरीत खडखडाट. अशा वेळी कुणी ‘जागतिक दर्जाचं मेडिकल कॉलेज काढू’ म्हटलं असतं, तर लोक हसलेच असते.

पण डॉक्टर तयार करायचे तर त्यांना शिकवणारे आधी हवेत, हे अमृत कौर यांना पटलेलं होतं. देशातच उच्च दर्जाची वैद्यकीय संस्था हवी, अशी शिफारस भोर समितीने 1946 मध्येच केली होती. अडलं होतं पैशापाशी. न्यूझीलंडने कोलंबो योजनेतून 10 लाख पौंड दिले आणि 1952 मध्ये पायाभरणी झाली. पुढे इतर देशांकडूनही त्यांनी मदत मिळवली. 18 फेब्रुवारी 1956 रोजी त्यांनी लोकसभेत एम्सचं विधेयक मांडलं.

या कायद्यामागचा विचार समजून घ्या, कारण खरी गंमत तिथेच आहे. एम्स कुठल्याही विद्यापीठाला जोडलेलं नाही. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीही त्यांची. डॉक्टरांनी पूर्णवेळ शिकवायचं आणि संशोधन करायचं, खासगी प्रॅक्टिस बंद. विद्यार्थी निवडायचे ते गुणवत्तेवर. मंत्री असूनही त्यांनी रोजच्या कारभारातला सरकारचा हात कायद्यानेच आखडता ठेवला. सत्ता हातात असताना असं करणारे किती जण दिसतात? पहिले संचालक म्हणून आले डॉ. भा. बा. दीक्षित, पुण्याच्या बी. जे. मेडिकलची घडी बसवणारे. पहिल्या तुकडीत होते फक्त 50 विद्यार्थी.

बाकी काम सुरूच होतं. बीसीजी लसीची मोहीम देशभर नेली, तेव्हा खुद्द राजाजींनी जाहीर विरोध केला. लसीबद्दल अफवा, भीती, वाद हे सगळं आपण कोविडमध्ये पाहिलंय. तेव्हाही तसंच होतं. अमृत कौर मागे हटल्या नाहीत. 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी 1950 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कुटुंबनियोजनात त्या गांधीजींच्या विचाराला धरून राहिल्या. गर्भनिरोधक साधनांऐवजी संयम आणि ‘सुरक्षित दिवस’ यांवरच त्यांनी भर दिला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही आणि पुढे सरकारला धोरण बदलावं लागलं. मोठ्या माणसाबद्दल वाचताना हेही वाचायला हवं.

1957 मध्ये मंत्रिपद गेलं, पण एम्सशी नातं तुटलं नाही. सिमल्यात त्यांचं घर होतं, ‘मॅनरव्हिल’. गांधीजी सिमल्याला आले की तिथेच उतरायचे. त्यांनी हे घर एम्सला देऊन टाकलं, कशासाठी तर नर्सेस आणि कर्मचाऱ्यांना सुट्टीत चार दिवस विसावा मिळावा म्हणून. वॉर्डात रात्र जागवणाऱ्या माणसाला आरामही लागतो, हे मंत्र्याच्या लक्षात राहिलं!

6 फेब्रुवारी 1964 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्या डॉक्टर नव्हत्या. एकही पेशंट त्यांनी तपासला नाही. पण एम्समधून आजवर बाहेर पडलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या आणि तिथे बऱ्या झालेल्या प्रत्येक पेशंटच्या मागे त्या उभ्या आहेत. ‘नीट’च्या पसंतीक्रमात पहिल्या ओळीत ‘एम्स, दिल्ली’ भराल, तेव्हा हे नाव तेवढं आठवा.