लाइप्झिगचा गायनमास्तर : योहान सेबॅस्टियन बाख

जर्मनी देशाच्या मध्यभागीं आयझेनाख नांवाचें एक लहानसें शहर आहे. त्याच्या माथ्यावर वार्टबुर्ग नांवाचा डोंगरी किल्ला उभा आहे. याच किल्ल्यांत लपून राहून मार्टिन ल्यूथरानें इ. स. १५२१-२२ च्या हिवाळ्यांत नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. त्याच्या बऱ्याच वर्षें आधीं, विद्यार्थी असतां, तोच ल्यूथर या शहराच्या लॅटिन शाळेंत शिकत होता व इतर गरीब मुलांबरोबर दारोदार गाणीं गाऊन भाकरी मिळवीत होता. ज्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे, त्या योहान सेबॅस्टियन बाखाचा जन्म याच शहरीं ता. २१ मार्च १६८५ रोजीं झाला. आणि पुढें तोही त्याच शाळेंत जाऊं लागला.

मोठा संगीतकार म्हणून बाखाचें नांव आज जगभर गाजलें आहे. परंतु त्याच्या आयुष्याचीं शेवटचीं २७ वर्षें कशांत गेलीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तीं एका शाळेंतील मुलांना गाणें शिकविण्यांत गेलीं. आठवड्याचे दिवस शाळा चालवून रविवारीं मंडळींत गाणें उचलून धरणारे मास्तर आपल्याही खेड्यापाड्यांत पुष्कळ होऊन गेले. त्यांची आठवण ज्यांना आहे, त्यांना या जर्मन मास्तराची ओळख पटण्यास वेळ लागणार नाहीं.

बाखाचें घराणें पिढीजात वादकांचें. बाप आयझेनाख शहराच्या चाकरींत वादक होता. १६९४ सालीं आई वारली, आणि पुढच्याच फेब्रुवारींत, मुलाला दहा वर्षें पुरीं होण्याच्या आंत, बापही गेला. ओर्ड्रुफ गांवीं वडील भाऊ मंदिरांत ऑर्गन वाजवीत असे; त्यानें या पोरक्या भावाला आपल्या घरीं नेलें व वाद्याचे पहिले धडे दिले. मोठमोठ्या वादकांच्या रचना उतरून घेतलेली एक वही भावाच्या कपाटांत होती. ती धाकट्याला मिळत नसे. तेव्हां रात्रीं सर्व निजल्यावर कपाटाच्या जाळींतून हात घालून ती तो काढी व चंद्रप्रकाशांत नक्कल करी. सहा महिन्यांनीं नक्कल पुरी झाली, ती भावाला सांपडली व त्यानें ती काढून घेतली. ही कथा बाखाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलानें व शिष्यानें लिहून ठेविली आहे.

पंधराव्या वर्षीं तो सुमारें २०० मैलांवरील ल्यूनेबुर्ग येथें गेला. तेथील मठाच्या शाळेंत चांगला गळा असलेल्या गरीब मुलांना गाण्याच्या मोबदल्यांत फुकट शिक्षण मिळत असे. पुढें लौकरच त्याचा आवाज फुटला. परंतु तोंवर वाद्यांवर त्याचा हात बसला होता.

१७०३ सालीं आर्नश्टाट येथें त्याला ऑर्गन वाजविण्याची जागा मिळाली. येथील त्याचें वर्तन पाहिलें तर हा पुढें मुलांचा मास्तर होईल असें कोणाला वाटलें नसतें. एका विद्यार्थ्याच्या वाजविण्याची त्यानें अशी निर्भर्त्सना केली कीं रस्त्यांत दोघांची हातघाई झाली. १७०५ सालीं चार आठवड्यांची रजा घेऊन तो वृद्ध बुक्स्टेहूड याचें वादन ऐकण्यासाठीं अडीचशें मैल पायीं चालत ल्यूबेकला गेला, आणि परत आला तो जवळ जवळ चार महिन्यांनीं. पंचांनीं त्याला बोलावून जाब विचारिला. मंडळी गात असतां तो मध्येंच असे अपरिचित सूर घाली कीं लोक गोंधळून जात, अशीही तक्रार होती. या तक्रारींत तथ्य नव्हतें असें आम्हांला म्हणवत नाहीं. मंडळीला चाल सांपडेनाशी झाली म्हणजे काय होतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

पुढील सुमारें सोळा वर्षें म्यूल्हाउझेन, वायमार व क्योटेन या ठिकाणीं गेलीं. म्यूल्हाउझेनची नोकरी सोडतांना त्यानें राजीनाम्यांत आपल्या आयुष्याचा हेतु लिहून दिला : देवाच्या गौरवासाठीं उपासनेंतील संगीत नीट व्यवस्थित करावें. वायमारच्या ड्यूकानें, नोकरी सोडूं पाहतो म्हणून, १७१७ सालीं त्याला जवळ जवळ महिनाभर तुरुंगांत ठेविलें. क्योटेनचा राजपुत्र संगीताचा मोठा प्रेमी होता व दोघांत स्नेह होता. १७२० च्या उन्हाळ्यांत त्याच्याबरोबर बाख परगांवीं गेला असतां इकडे त्याची पत्नी मारिया बार्बारा वारली. तो घरीं परतला तेव्हां तिला माती देऊनही झाली होती. चार मुलें पदरांत होतीं. त्यांतील नऊ वर्षांच्या वडील मुलासाठीं त्याच वर्षाच्या आरंभीं त्यानें धड्यांची एक वही घातली होती; तिच्यांत बोटें कशीं ठेवावीं येथपासून आरंभ करून, एकेक पायरी चढत, मूल आपण होऊन रचना करूं लागेल येथपर्यंत नेलें आहे. पुढच्या वर्षीं त्यानें आन्ना माग्दालेना नांवाच्या गायिकेशीं पुनर्विवाह केला. तिनें सावत्र मुलांना आपलीं केलीं, आणि नवऱ्याच्या रचनांच्या नकला इतक्या केल्या कीं कालांतरानें दोघांचें अक्षर ओळखणें कठीण होऊन बसलें.

१७२३ सालीं लाइप्झिग शहराच्या संत थोमाच्या शाळेंत गायनमास्तराची जागा रिकामी होती. नगरसभेला आधीं टेलेमान हवा होता, नंतर ग्राउप्नर. ते दोघे मिळाले नाहींत म्हणून बाखाला बोलावण्यांत आलें. धर्मशास्त्राची परीक्षा झाली, करारपत्रावर सही झाली, आणि राजदरबारचा संगीतप्रमुख शाळेंतील तिसऱ्या दर्जाचा मास्तर होऊन शाळेच्याच इमारतींत कुटुंबासह राहावयास आला. करारांत लॅटिन शिकविण्याचेंही काम होतें. तें त्यानें पदरचे पैसे देऊन दुसऱ्याकडून करविलें. त्यांत मुलांचें कांहीं नुकसान झालें असेल असें वाटत नाहीं.

शाळेच्या बोर्डिंगांत सुमारें ५५ मुलें असत. उन्हाळ्यांत पहाटे पांच वाजतां व हिवाळ्यांत सहा वाजतां तीं उठत. शहरांतील चार मंदिरांत दर रविवारीं त्यांनीं गावें, लग्नांत गावें, प्रेतयात्रेबरोबर थंडीपावसांत गात चालावें, असा क्रम होता. चार आठवड्यांतून एक आठवडा बाखाची देखरेखीची पाळी येई. त्या आठवड्यांत मुलांची प्रार्थना, जेवण, निजणें, दांडगाई व आजार हें सर्व त्याच्याकडे.

या सर्वांवर आणखी मुख्य काम. त्या काळीं लाइप्झिगांत रविवारच्या उपासनेंत शुभवर्तमानाचें वाचन झाल्यावर, उपदेशाच्या आधीं, त्याच पाठावर रचलेलें सुमारें अर्ध्या तासाचें संगीत होई. त्याला कांटाटा म्हणत. पाठांतील वचन, त्यावरील चिंतन, एकट्याचें गाणें, सर्वांचें गाणें व शेवटीं मंडळीच्या ओळखीच्या भक्तिगीताचें कडवें अशी त्याची मांडणी असे. आपल्याकडील ख्रिस्ती कीर्तन ज्यांनीं ऐकिलें आहे, त्यांना याची कल्पना करणें सोपें जाईल. पहिल्या कांहीं वर्षांत बाखानें जवळ जवळ दर आठवड्यास एक नवा कांटाटा रचिला. आठवडाभरांत रचना करावयाची, बायको, मुलें व शिष्य यांनीं घरांत बसून प्रत्येक आवाजाचे व वाद्याचे कागद उतरावयाचे, तालीम घ्यावयाची, आणि रविवारीं सकाळीं सातला उपासना सुरू. असे सुमारें २०० कांटाटा आज हातीं आहेत; पुष्कळ हरवले. बहुतेक रचनांच्या आरंभीं तो येशूचें साह्य मागणारीं दोन अक्षरें लिही, व शेवटीं गौरव केवळ देवाचें आहे या अर्थाचीं तीन.

एवढें करूनही नगरसभा संतुष्ट नव्हती. मास्तर शिकवीत नाहीं व सांगितलेलें ऐकत नाहीं, अशी तिची तक्रार होती. १७३० च्या आगस्टांत बाखानें नगरसभेला एक लेखी निवेदन केलें. उपासनेंतील गायनासाठीं प्रत्येक आवाजाचीं तीन मुलें, चार असलीं तर उत्तम, वाद्यें अमुक, वाजविणारे अमुक, आणि आपल्याजवळ आहे काय? ५४ मुलांची नांवनिशी करून त्यानें कळविलें कीं यांतील १७ उपयोगाचीं, २० अजून तयार व्हावयाचीं, व १७ अगदीं निरुपयोगी. ज्यानें कधीं शाळेंतील मुलांना सूर लावावयास बसविलें आहे, त्याला हे आंकडे वाचून हसूंही येईल आणि त्या मास्तराची दयाही येईल. जगांतील अति कठीण व अति सुंदर असें उपासनासंगीत ज्यांच्यासाठीं लिहिलें गेलें, तीं हीं मुलें. कोणाला खरूज, कोणाचा आवाज फुटलेला, कोणी उपाशी. तरी बाखानें त्यांच्यासाठीं सोपें लिहिलें नाहीं. पुढच्या रविवारीं पुन्हा तितकेंच कठीण गीत त्यांच्यापुढें ठेविलें.

त्याच वर्षीं एका बालमित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें आपलें मन मोकळें केलें आहे. पगार थोडा, शहर महाग, वरिष्ठ कुरकुरे. उत्पन्नाचा मोठा भाग लग्नें व मयतें यांतून येणारा. आणि १७२९ सालीं हवा इतकी निरोगी होती कीं मयतांच्या दक्षिणेंत १०० थालरांची तूट आली! हें वाचून कोणी दचकूं नये. ज्या घरीं मुलांमागून मुलें मातींत ठेवावीं लागत होतीं, त्या घरच्या मनुष्यानें हें लिहिलें आहे. दोन पत्नींपासून त्याला २० मुलें झालीं, त्यांतील १० लहानपणींच वारलीं.

याच सुमारास शाळेला गेस्नर नांवाचा हेडमास्तर लाभला. त्यानें इमारतीवर मजले चढविले, मुलांना शिस्त लावली व बाखाला मान दिला. पुढें एका लॅटिन ग्रंथावर टीप लिहितांना त्यानें या सहकाऱ्याचें चित्र काढून ठेविलें आहे : स्वतः हातांपायांनीं ऑर्गन वाजवीत असतां तीस चाळीस जणांवर नजर, एकाला मानेनें खूण, दुसऱ्याला पायानें ताल, तिसऱ्याला बोटानें इशारा, कोणाला वरचा सूर देई, कोणाला खालचा, आणि कोठें चूक झाली कीं ती तत्काळ सांवरी. गेस्नर १७३४ सालीं गेला. त्याच्या जागीं आलेला एर्नेस्टी २७ वर्षांचा, मोठा विद्वान. पण मुलांचा वेळ गाण्यांत जातो हें त्याला खपत नसे. वरच्या वर्गांतील मुलांपैकीं गायनाचे नायक कोणीं नेमावे यावरून १७३६ सालीं दोघांत भांडण जुंपलें. हेडमास्तरानें नेमलेल्या मुलाला बाखानें भर उपासनेंत गॅलरींतून हांकून दिलें, हें कांहीं शोभलें नाहीं. अर्ज, प्रतिअर्ज करण्यांत दोन वर्षें गेलीं, आणि मुलें मात्र कोणाचें ऐकावें हें न कळून भेदरून गेलीं.

याच मनुष्यानें मत्तयाच्या शुभवर्तमानाचे २६ व २७ हे अध्याय संगीतांत घातले. १७२७ च्या उत्तम शुक्रवारीं संत थोमाच्या मंदिरांत तें प्रथम गाइलें गेलें असें आतां मानितात. प्रभु बोलतो तेव्हां तंतुवाद्यांचे लांब सूर त्याच्या शब्दांभोंवतीं तेजोवलयासारखे राहतात. केवळ वधस्तंभावरील त्या शेवटल्या आरोळीच्या वेळीं तीं वाद्यें गप्प होतात. भोजनाच्या वेळीं प्रभु विश्वासघाताविषयीं बोलतो, तेव्हां शिष्य घाबरून तो मी तर नव्हे ना असें विचारूं लागतात; हा प्रश्न बाखानें अकरा वेळां गावयास लाविला आहे, बारा वेळां नाहीं. आणि लगेच, यहूदा बोलण्याच्या आधींच, मंडळीच्या नित्य परिचयाच्या चालींत तो दोष ऐकणाऱ्यानें आपल्यावर घ्यावा असें गीत येतें. १७३६ सालीं त्यानें या ग्रंथाची सुंदर प्रत स्वहस्तें लिहिली व तींत शास्त्रांतील शब्द लाल शाईनें लिहिले.

पवित्र शास्त्र त्याच्या रोजच्या वापरांतलें होतें. टिपांसह तीन खंडांतील त्याचें शास्त्र १९३४ सालीं अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील एका घरीं सांपडलें. त्यावर १७३३ हें साल व त्याची सही आहे. समासांत त्यानें स्वतः कांहीं टिपा केल्या आहेत. दुसऱ्या इतिहासाच्या पांचव्या अध्यायांत गाणारे व वाजविणारे एक सुरानें देवाची स्तुति करूं लागतांच मंदिर मेघानें भरून गेलें असें वर्णन आहे. त्यापाशीं त्यानें लिहिलें आहे कीं भक्तीनें केलेल्या संगीतांत देव आपल्या कृपेसह नेहमीं हजर असतो.

म्हातारपणीं त्याची दृष्टि गेली. १७५० च्या वसंत ऋतूंत टेलर नांवाच्या फिरत्या इंग्रज वैद्यानें दोनदां शस्त्रक्रिया केली, तिनें प्रकृति ढांसळली, आणि ता. २८ जुलै १७५० रोजीं त्याला देवाज्ञा झाली. नगरसभेनें त्याच्या जागेसाठीं दुसऱ्या उमेदवाराची परीक्षा एक वर्ष आधींच घेऊन ठेविली होती. संत योहानाच्या स्मशानांत त्याला पुरलें. थडग्यावर दगड बसला नाहीं. आन्ना माग्दालेना दहा वर्षांनीं, धर्मादायावर जगत, वारली. ज्या हाडांना त्याचीं म्हणून मानितात तीं १८९४ सालीं उकरून काढण्यांत आलीं व १९५० पासून संत थोमाच्या मंदिरांत आहेत.

मत्तयाचें तें संगीत पुढें बाहेरच्या लोकांच्या विस्मृतींत गेलें, तें वीस वर्षांच्या मेंडेल्सोननें बर्लिन शहरीं ११ मार्च १८२९ रोजीं गावविलें तेव्हां पुन्हा उजेडांत आलें. परंतु शाळेंतील मुलांनीं आपल्या जुन्या मास्तराचीं कांहीं गीतें टाकिलीं नव्हतीं. १७८९ सालीं मोत्सार्ट लाइप्झिगला आला असतां, बाखाचाच शिष्य डोलेस हा गायनमास्तर होता. त्यानें १४९ व्या स्तोत्रावरील बाखाचें दोन गायनमंडळींचें गीत मुलांकडून म्हणविलें. मोत्सार्ट पहिल्या कांहीं सुरांनींच चकित होऊन बसला. गीत संपल्यावर त्यानें चौकशी केली. सगळे आवाज एकत्र लिहिलेली प्रत शाळेंत नव्हती. मुलांचे सुटे कागद होते. ते मागून घेऊन त्यानें कांहीं मांडीवर, कांहीं हातांत, कांहीं आजूबाजूच्या खुर्च्यांवर पसरले आणि सर्व वाचून होईपर्यंत तो तेथून उठला नाहीं.