बायपास झाली, तरी पन्नाशी गाठली नाही : सुरतचे हरिहर जरीवाला, म्हणजे आपले संजीवकुमार

सुरत : नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला कामाला येणाऱ्या माणसाला हे शहर लूमचं, साड्यांचं आणि हिऱ्यांचं म्हणून माहीत असतं. त्याआधीपासूनचा इथला धंदा जरीचा. येवल्याच्या पैठणीला लागणारी जरीसुद्धा सुरतहूनच येते. या धंद्यावरून जरीवाला आडनाव लागलेल्या एका गुजराती घरात ९ जुलै १९३८ रोजी हरिहर जेठालाल जरीवाला यांचा जन्म झाला. पुढे जगाने त्यांना संजीवकुमार म्हणून ओळखलं. 'शोले'तला ठाकूर म्हटलं की लिंबायत, उधनापासून थेट भुसावळपर्यंत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

वयाच्या ४७व्या वर्षी हा माणूस गेला. हृदयाचं ऑपरेशन, म्हणजे ज्याला आपण सरसकट बायपास म्हणतो, ते अमेरिकेत झालेलं होतं. तरीही हार्ट अटॅकनेच गेला. आजही आपल्याकडे बायपास झाली की घरात पेढे वाटतात आणि माणूस आता 'नवा' झाला असं समजतात. म्हणून त्यांची गोष्ट सिनेमाच्या पलीकडेही कामाची आहे.

लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. नाटकाचं वेड लागलं ते इप्टा आणि इंडियन नॅशनल थिएटरमध्ये. तिथे विशीतल्या या मुलाच्या वाट्याला म्हातारे आले. आर्थर मिलरच्या 'ऑल माय सन्स'मध्ये त्यांनी बापाचं काम केलं, तेव्हा वय होतं २२. ए. के. हंगल यांनी बसवलेल्या 'डमरू' नाटकात तर साठीचा, सहा मुलांचा बाप. सिनेमात पहिलं छोटं काम १९६० च्या 'हम हिंदुस्थानी'मध्ये, नायक म्हणून पहिला सिनेमा १९६५ चा 'निशान'. १९६८ च्या 'संघर्ष'मध्ये समोर दिलीपकुमार होते, आणि हा नवा नट दबला नाही. 'दस्तक' आणि 'कोशिश' या दोन सिनेमांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कोशिश'मध्ये ते मूकबधिर नवरा, जया भादुरी बायको. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, 'परिचय' आला आणि त्यात हेच जयाचे वडील! 'शोले'त सासरे. १९७८ च्या 'त्रिशूल'मध्ये शशी कपूरचे वडील. शशी कपूर जन्मले १९३८ च्या मार्चमध्ये, म्हणजे मुलगा बापापेक्षा काही महिन्यांनी मोठा. आजचा कुठला हिरो असं काम घेईल?

केस पांढरे करून म्हातारा होणारा हा नट स्वतः म्हातारा होणार नाही, याची धास्ती मात्र त्यांच्या घरात होती. जरीवाला कुटुंबातल्या कितीतरी जणांनी पन्नाशी पाहिली नाही. संजीवकुमारांना ते माहीत होतं, आणि जवळच्या लोकांना त्यांनी ते सांगितलंही होतं. लग्न त्यांनी केलं नाही. खाण्याचे मात्र भारी शौकीन. रात्रीच्या मैफली, उशिराचं जेवण, वाढलेलं वजन आणि सकाळच्या शिफ्टला दुपारी पोहोचणं, हे इंडस्ट्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. भीती होती, पण पथ्य नव्हतं. आपल्या गल्लीतही अशी चार माणसं सापडतील.

पहिला अटॅक आला आणि ते बायपाससाठी अमेरिकेला गेले. तिकडे जाण्याला कारण होतं. हे ऑपरेशन त्या वेळी तसं नवंच होतं. पायातली शीर काढून हृदयावर जोडायची पद्धत अर्जेंटिनाचे सर्जन रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुळवली. भारतात पहिली बायपास झाली १९७५ मध्ये, चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्या हातून. रेल्वेचं हॉस्पिटल, हे ध्यानात घ्यावं. पण ज्याला परवडत होतं तो तेव्हा अमेरिका नाहीतर इंग्लंडच गाठायचा.

हे ऑपरेशन नेमकं काय असतं? हृदय दिवसरात्र सगळ्या अंगाला रक्त पोचवतं. त्याला स्वतःला लागणारं रक्त मात्र त्याच्याच अंगावरून जाणाऱ्या धमन्यांतून मिळतं. मुख्य दोन, डावी आणि उजवी, आणि मग त्यांच्या फांद्या. या धमन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. वाट अरुंद झाली की जिना चढताना, ओझं उचलताना छातीवर दाब येतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, दम लागतो. आपल्याकडे त्याला गॅस म्हणतात आणि सोडा पितात. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते, वाट पूर्ण बंद होते. हृदयाचा तेवढा भाग रक्तावाचून मरायला लागतो. हाच अटॅक.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून छाती उघडतात. बहुतेक वेळा हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवतात. त्या मशीनने तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुस दोघांचं काम करायचं. हृदय चालू ठेवूनही ऑपरेशन करतात. पायातली लांब शीर काढून तिचं एक टोक महाधमनीला आणि दुसरं ब्लॉकेजच्या पुढे शिवतात. तीन ठिकाणी अडथळा असेल तर तीन जोड. पायाचं फार बिघडत नाही, कारण खोलवरच्या शिरा काम सांभाळून घेतात. कापलेलं हाड तारेने बांधतात आणि ते भरून यायला दोन-तीन महिने जातात, म्हणून तोवर जड उचलायचं नाही.

नाव अगदी बरोबर आहे. हायवेला गावाबाहेरून बायपास काढला की ट्रक सुसाट जातात, पण गावातला रस्ता होता तसाच तुंबलेला राहतो. हृदयाचंही तेच. जुना ब्लॉकेज कुणी काढत नाही. ज्या कारणाने तो साचला ते कारण, म्हणजे कोलेस्टेरॉल, साखर, बीपी, तंबाखू, घराण्यातून आलेलं रक्त, तिथेच असतं. ते जुन्या धमन्यांत काम करत राहतं आणि नव्या जोडलेल्या शिरेतही. पायातली शीर मुळात कमी दाबाची सवय असलेली, तिला अचानक धमनीचा दाब सोसावा लागतो. दहा वर्षांत अशा जोडांपैकी जवळपास निम्मे बंद पडतात. छातीच्या आतून जाणारी एक धमनी आहे, ती जोडली तर दहापैकी नऊ जोड दहा वर्षांनीही चालू राहतात. आज सर्जन मुख्य डाव्या फांदीला तीच वापरतात. तिने माणसाचं आयुष्य वाढतं हे दाखवणारा क्लीव्हलँडचा मोठा अभ्यास छापून आला जानेवारी १९८६ मध्ये.

संजीवकुमार गेले ६ नोव्हेंबर १९८५ ला. दोन महिने आधी.

हिशेब इथेच संपत नाही. कोलेस्टेरॉल खाली आणणारी स्टॅटिन जातीची पहिली गोळी अमेरिकेत मंजूर झाली १९८७ मध्ये. हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसला १९८६ मध्ये, युरोपात. अटॅक येताच साधी ॲस्पिरिन दिली तर जीव वाचतात हे मोठ्या अभ्यासातून पक्कं झालं १९८८ मध्ये. आज तालुक्याच्या मेडिकलवर मिळणारी जी गोळी आपण कंटाळून मध्येच बंद करतो, ती त्या काळी देशातल्या सर्वात महागड्या नटांपैकी एकालाही पैसे देऊन मिळाली नसती.

त्यांच्याबद्दल लिहिताना जन्मजात हृदयदोष असा शब्द वापरला जातो. त्याने लोकांचा गोंधळ होतो. हृदयाला छिद्र असणं वेगळं, त्यावर बायपास करत नाहीत. धमन्या लवकर तुंबण्याची खोड घराण्यातून येते ती वेगळी. अशा काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, आणि एका पालकाकडून तो दोष प्रत्येक मुलाकडे जायची शक्यता निम्मी-निम्मी असते. बाहेरून काही दिसत नाही, रक्त तपासल्यावरच कळतं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टर बाकीच्या भावंडांनाही तपासायला सांगतात. पेशंट एक, पण फाइल घराची उघडायची असते.

जरीवालांच्या घरात धाकटा भाऊ संजीवकुमारांच्या आधीच गेला होता. मधला भाऊ त्यांच्यानंतर सहा महिन्यांनी गेला.

सिनेमे मात्र येत राहिले. दहाच्या वर सिनेमे ते गेल्यावर पडद्यावर आले. त्यातला 'लव्ह अँड गॉड' तर विलक्षणच. गुरुदत्त यांना घेऊन सुरू झाला, ते १९६४ ला गेले. मग मजनूचं काम संजीवकुमारांकडे आलं. दिग्दर्शक के. आसिफ १९७१ ला गेले. शेवटी १९८६ मध्ये सिनेमा लागला तेव्हा संजीवकुमारही नव्हते. सर्वात शेवटचा 'प्रोफेसर की पडोसन'. त्यांचं काम पूर्ण झालं नव्हतं, म्हणून उत्तरार्धाची कथाच बदलावी लागली. तो लागला १९९३ मध्ये. ते असते तर त्या वर्षी ५५ चे झाले असते, आणि पडद्यावर म्हातारं व्हायला तेव्हा त्यांना फारसा मेकअपही लागला नसता.