कूपरेजवरचा नोकरदार

कडोलीला मैदान असे वेगळे नाही. भात निघाले, त्यामागचे दुसरे पीकही निघाले, की जे शेत मोकळे पडते तेच आमचे मैदान. वडीलधाऱ्यांना कुस्ती कळते, कबड्डी कळते. फुटबॉलला ते अजूनही रिकामटेकड्यांचा खेळ समजतात. अशा गावातल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अंकासाठी चरित्र निवडावे ते नेव्हिल डिसोझाचे, याचे माझ्या मित्रांना नवल वाटले. मराठी विभागातल्यांना वाटले तसे कन्नड विभागातल्यांनाही वाटले. गोव्याहून शिकायला आलेल्या एका मित्राला मात्र तो कोण हे सांगावे लागले नाही.

नेव्हिलचा जन्म 3 ऑगस्ट 1932 चा, गोव्यातला. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि 1961 च्या डिसेंबरपर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे 1956 साली हा तरुण भारताचा सदरा घालून मैदानात उतरला तेव्हा त्याच्या जन्मभूमीवर दुसऱ्याच देशाचे निशाण होते. घर एका अमलात आणि पोटापाण्याचे गाव दुसऱ्या अमलात, ही गोष्ट सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

त्याचे पोटापाण्याचे गाव मुंबई. तो टाटांच्या संघाकडून खेळला आणि पुढे कॅल्टेक्स या तेल कंपनीकडून. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण माझ्या विषयाचा भाग इथेच येतो. त्या काळी मुंबईचा फुटबॉल कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या जिवावर उभा होता. कंपनी चांगल्या खेळाडूला नोकरी देई, तो कामावर जाई आणि कंपनीच्या संघाकडून हार्वुड लीगमध्ये खेळे. पगारपत्रकावर तो नोकरदार, खेळाडू नव्हे. ऑलिंपिकचा नियमच असा होता की खेळण्याचे पैसे घेणाऱ्याला तिथे प्रवेश नाही. त्यामुळे पगार नोकरीचा आणि खेळ आवडीचा, अशी दोन खाती वेगळी ठेवावी लागत. हिशेबनीस म्हणून मला या नोंदी चुकीच्या म्हणता येत नाहीत, पण पूर्ण खऱ्याही वाटत नाहीत. कंपनीला जाहिरात मिळत होती आणि खेळाडूला उद्याची भाकरी. हा व्यवहार कोणत्या खात्यात टाकायचा?

हार्वुड लीग ही मुंबई शहरापुरती लीग. तिचे सामने कूपरेजच्या मैदानावर गाजत. ती जिंकली तरी पुढे चढून जायला वरची पायरीच नव्हती, कारण संपूर्ण देशाची लीग अस्तित्वात नव्हती. ती आली 1996 साली. हे आपले मागासलेपण असे कोणी समजू नये. जर्मनीने 1954 साली विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांच्याकडेही राष्ट्रीय लीग नव्हती, प्रांतोप्रांतीच्या लीग होत्या. त्यांचा कर्णधार फ्रिट्झ वॉल्टर कैझर्सलाउटर्नसारख्या बेताच्या गावच्या क्लबातून नैऋत्य भागाच्या लीगमध्ये खेळे. त्यांची बुंदेसलिगा 1963 साली सुरू झाली. फरक पुढे पडला. वरती मोठी लीग झाली तरी त्यांनी खालच्या प्रांतिक लीगांची उतरंड शाबूत ठेवली. त्यामुळे आडगावचा क्लबही जिंकत गेला तर पायरीपायरीने वर येऊ शकतो. नेव्हिलच्या मुंबईत कंपनी होती, मैदान होते, प्रेक्षक होते, पायऱ्या नव्हत्या.

मग मोठ्या स्पर्धा हेच नाव काढण्याचे ठिकाण. संतोष ट्रॉफीत राज्यांचे संघ उतरत. 1954 च्या स्पर्धेत सेनादलाला हरवून मुंबईने ती जिंकली, त्या संघात नेव्हिल होता. फुटबॉलची पंढरी म्हणजे कलकत्ता, असे असूनही मुंबईत नोकरी करणाऱ्या या आघाडीच्या खेळाडूची मेलबर्न ऑलिंपिकसाठी निवड झाली.

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक होते, समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार. पहिला सामना हंगेरीशी व्हायचा होता, पण हंगेरीने माघार घेतली. 1 डिसेंबर 1956 रोजी समोर आले यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिलने नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला त्याने दुसरा केला, तोही त्यांनी फेडला. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला त्याचा तिसरा, आणि तो काही त्यांना फेडता आला नाही. चौथा किट्टूने केला. भारत 4-2 ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू ठरला. वय चोवीस. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा!

उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी होता. याच युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला आपल्याला 10-1 असे धुतले होते. मेलबर्नला बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि दोन-तीन मिनिटे भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. मला या दोन-तीन मिनिटांचे फार वाटते. नंतर त्यांनी बरोबरी साधली, पुढे गेले, आणि सामना 4-1 असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 ने हरवले. भारत चौथा. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत मात्र नेव्हिल डिसोझाचे नाव लागले.

परत आल्यावर पुन्हा मुंबई, पुन्हा नोकरी, पुन्हा कूपरेज. 1958 साली नेव्हिलच्या कॅल्टेक्सने कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगला हरवून रोव्हर्स चषक जिंकला. 1960 च्या रोम ऑलिंपिकला तो नव्हता. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. तो त्याला कधीच मिळाला नाही. भारतातील कॅल्टेक्स 1976 साली सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. 16 मार्च 1980 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने नेव्हिलचा मृत्यू झाला. अठ्ठेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आमच्या शेतातल्या संघाचा आघाडीचा खेळाडू. तो बारावीनंतर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागला. पाळ्या असतात, त्यामुळे दर सामन्याला येणे त्याला जमत नाही आणि रजा मागितली तर दिवस बुडतो. हा लेख लिहून झाल्यावर मी त्यालाच आधी वाचून दाखवला. तो बांधावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. गोल किती झाले, कसे झाले यातले त्याने काही विचारले नाही. ऑस्ट्रेलियाशी सामना झाला तो वार कोणता, एवढेच विचारले. मी बोटांवर मोजून शनिवार असल्याचे सांगितले. शनिवारी आपली दुसरी पाळी असते, असे म्हणून तो पाय धुवायला विहिरीकडे गेला.