काचकारागिराचा उमेदवार

सूर्यात कोणती द्रव्ये आहेत हे तेथे न जाता कसे कळले? त्या शोधाचा पाया घालणारा जोसेफ फ्राउनहोफर हा शाळेला पारखा झालेला मुलगा होता. जन्म १७८७, आजच्या जर्मनीतील बव्हेरियात. अकराव्या वर्षीच तो पोरका झाला आणि म्युनिकला एका काचकारागिराकडे बिनपगारी उमेदवारीस लागला. धनी पुस्तक वाचू देईना, रविवारच्या शाळेलाही जाऊ देईना. (पालकहो, असा एखादा मुलगा आपल्याही मोहल्ल्यात कुठल्या गॅरेजात राबत असेल.)

१८०१ साली ते घर कोसळले. ढिगाऱ्यातून तो जिवंत निघाला तेव्हा राज्याचा अधिपती मॅक्सिमिलियन तेथे हजर होता. त्याने बक्षीस दिलेल्या पैशांतून जोसेफने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उरलेल्या उमेदवारीतून सुटका करून घेतली! पुस्तके उट्झश्नायडर नावाच्या सद्गृहस्थाने पुरवली.

पुढे दुर्बिणीची भिंगे करताना, काचेतून प्रकाश किती वळतो ते त्याला अचूक मोजायचे होते. १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात त्याला काळ्या रेषा दिसल्या. काही रेषा इंग्लंडच्या वोलास्टनने १८०२ सालीच पाहिल्या होत्या. याने ५७४ मोजल्या, ठळक रेषांना अक्षरे दिली. तरी विद्यापीठाचे शिक्षण नाही म्हणून म्युनिकच्या विद्वत्सभेत त्याच्या सभासदत्वाला विरोध झालाच. १८२६ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने वारला.

रेषांचा अर्थ १८५९ मध्ये किर्खहोफ व बुन्सेन यांनी लावला: प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. ‘डी’ ही जोडरेषा सोडियमची. चुलीच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पाहा. जो पिवळा रंग भडकतो, तो नेमका त्याच जागचा.