ऑगस्टिनाचें अतृप्त अंतःकरण

इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या गांवीं ऑगस्टिन जन्मला. हें स्थळ आज अल्जीरिया देशांत मोडतें. आई मोनिका भाविक ख्रिस्ती होती. बाप आयुष्याच्या शेवटीं ख्रिस्ती झाला.

सोळाव्या वर्षीं त्यानें सोबत्यांसह शेजारच्या झाडाचीं फळें चोरलीं. याहून चांगलीं फळें त्याच्यापाशीं होतीं. चोरलेलीं बहुतेक डुकरांस टाकलीं. ती भूक पोटाची नव्हती.

पुढें कार्थेज शहरीं विद्या, नाटकें व एका स्त्रीचा सहवास यांत त्यानें सुख शोधिलें. तिच्यापासून त्यास आदेओदात हा पुत्र झाला. सत्याच्या आशेनें तो सुमारें नऊ वर्षें मानीच्या पंथांत राहिला; तेथेंही शंका फिटल्या नाहींत. याच काळांत त्याचा जिवलग मित्र तापानें वारला. मरणाधीन मनुष्यावर, तो जणूं कधीं मरणारच नाहीं, अशी त्यानें प्रीति केली होती. घर त्यास खावयास उठलें व तो गांव सोडून गेला.

३८४ सालीं मिलान येथें त्यास वक्तृत्वाच्या अध्यापकाची मानाची जागा मिळाली. बादशहाचें स्तुतिपर भाषण करावयाच्या चिंतेंत असतां, रस्त्यांत एक दारू प्यालेला भिकारी हंसतांना त्यानें पाहिला. त्या भिकाऱ्याची धुंदी सकाळीं उतरणार होती. याची कीर्तीची धुंदी झोपेनेंही उतरत नव्हती, आणि आनंद तर नव्हताच.

३८६ सालीं एका बागेंत, मनाच्या तीव्र झगड्यांत, रोमकरांस पत्रांतील वचन वाचून त्यानें आपणांस ख्रिस्ताच्या स्वाधीन केलें. ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणीं बिशप आंब्रोज यानें त्यास पुत्रासह बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षीं मोनिका वारली. तो रडला, परंतु पूर्वीसारखा निराधार झाला नाहीं.

वाचकहो, मित्र वाईट नव्हता, विद्याही वाईट नव्हती. जें अविनाशी तें त्यानें नाशवंताजवळ मागितलें, हीच चूक. विहिरींतून घागर भरते, पण घागर ओतून विहीर भरत नाहीं. शेत, बैलजोडी, कर्ता मुलगा यांबद्दल देवाचे उपकार मानावे. पण आपलें सर्व अंतःकरण त्यांनीं भरावें, असा भार त्यांजवर घालूं नये. पुष्कळ घरांतील कलह याच भारानें होतात.

हिप्पो येथें बिशप झाल्यावरही वासना आपणांस सतावतात, हें ऑगस्टिनानें आपल्या आत्मनिवेदनांत लपविलें नाहीं. ४३० सालीं वांडाल सैन्यानें नगरास वेढा दिला असतां तो शेवटच्या दुखण्यांत पडला. तेव्हां पश्चात्तापाचीं स्तोत्रें भिंतीवर लावून तीं वाचीत तो अश्रु ढाळी. त्याची तहान अखेरपर्यंत राहिली. परंतु ती कोठें भागेल, हें त्यास ठाऊक होतें.